खंडेनवमीला चालणारं मशीन

हल्ली कुणाची तरी सून, कुणाची तरी लेक माझ्याकडे येते आणि विचारते, की तुम्ही एवढी वर्षं घरात बसून धंदा केला, संसार केला, पोरं मोठी केली, हे सगळं जमवलं कसं? विचारताना तिच्या तोंडावर असं कौतुक असतं, की मी आता काहीतरी गोड बोलणार अशी तिची खात्रीच असते. लवकर उठावं, कामाची आखणी करावी, घरच्या माणसांना विश्वासात घ्यावं. मी तसलं काही सांगत नाही. मी सांगते, बाई, मला राग यायचा. तो आला नसता तर मी आणि माझा धंदा दोघंही दोन वर्षांत आटोपलो असतो.

मी सांगलीची. माझे वडील पेठेतल्या एका दुकानात दिवाणजी होते. मॅट्रिकनंतर पुढं शिकवायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी मला शिवणक्लासला घातलं, आणि लग्नात आंदण म्हणून पायाचं शिलाई मशीन दिलं. सासर कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. जिल्हा सातारा, बाजार कराडचा आणि मोठा दवाखाना सांगलीचा, असं ते गाव. घरचा ऊस होता. थोरले दीर शेती बघायचे, माझा नवरा फौजेत. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, सासूला आत्याबाई आणि जावेला अक्का. मशीन बैलगाडीतून उतरवलं तेव्हा मामंजींनी चार माणसांना बोलावून दाखवलं होतं. "सुनंनं काय आणलंय बगा!" त्यांना ते घड्याळासारखं वाटलं असणार. भिंतीला असावं, आल्यागेल्यानं बघावं.

मशीन सोप्यात ठेवलं, कारण घरात उजेड तेवढाच तिथं होता. दारातून आत आलं की सोपाच लागायचा. म्हणजे जो येईल तो माझ्या पुढ्यात. आधी शेजारणीचं पोलकं शिवलं, मग आळीतल्यांची, मग गावातल्यांची. त्या काळात आमच्याकडच्या बायका ओटीत आलेले खण पेटीत जपून ठेवायच्या आणि सण तोंडावर आला की सगळ्या एकदमच शिवायला काढायच्या. माझा हात चांगला होता. हे मी मिरवायला सांगत नाही, पोलकं अंगाला बसलं की बाई सरळ उभी राहते, ते मला दिसायचं. दोन वर्षांत नदीपलीकडच्या गावातूनसुद्धा कापडं यायला लागली.

पण ते काम आहे, हे घरात कुणालाच पटत नव्हतं. ते मशीन चालताना दिसायचं, ऐकू यायचं, त्यातून पैसे आलेले घरात वापरले जायचे, तरी ते काम नव्हतं. ते 'पोरीचं शिवणं' होतं. मी बाही जोडत असले की आत्याबाई हाक मारायच्या, "अगं, दूध उतू जाईल, बघ." मी उठायची. बसले की दीर दारातून म्हणायचे, "अगं, तेवढं रेडकाला धर." मी उठायची. शेजारीण आपलं पोर माझ्या पायाशी आणून ठेवायची आणि बाजाराला निघून जायची. "तू घरीच तर असतीस!" हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलंय, की आजही कुणी ते म्हटलं तर माझ्या कानशिलात कळ येते.

दिरांनी औत धरलं असताना त्यांना कुणी जाऊन म्हटलं असतं, "दादा, जरा थांबवा आन् आमचं पोर बघा," तर? गवंडी आमच्या परड्यातली भिंत बांधायला आला होता, आठ दिवस तोही आमच्या घरीच होता की. त्याला कुणी दूध बघायला सांगितलं नाही. उलट आत्याबाई त्याला चहा करून द्यायच्या, आणि तो चहा करायला मी मशीनवरून उठायची.

नागपंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, म्हणून घरात कात्री बंद असायची. त्या दिवशी मला सुट्टी मिळायची, तीसुद्धा नागाला इजा होऊ नये म्हणून. माझ्या कमरेची काळजी करणारं कुणी नव्हतं, आणि बिळातल्या नागाची काळजी करणारी सात माणसं घरात होती.

आता खंडेनवमीचं सांगते. नवरात्राच्या नवव्या दिवशी आमच्या घरात हत्यारांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी सगळं घासून पुसून काढायचं. नांगराचा फाळ, कोयते, विळे, कुऱ्हाड, खुरपी सगळं देवघरापुढं पाटावर मांडायचं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. विहिरीवरच्या इंजिनाला हार. दिरांच्या सायकलला हार. दुधाचं माप आणि तराजूसुद्धा पाटावर. आणि एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हा नेम आमच्या घरात फार कडक. एका वर्षी त्याच दिवशी म्हैस दाव्यात अडकली, दावं कापायला विळा पाहिजे होता, तर दीर शेजाऱ्याच्या घरी पळाले. तिथलाही विळा पाटावरच. शेवटी दातानं आणि दगडानं दावं तोडलं, पण विळा उचलला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी मशीन पुसून, तेल घालून लख्ख केलं. सांगलीच्या क्लासमध्ये आमच्या बाई सगळ्या मशीनांची पूजा करायच्या, म्हणून मला वाटलं, इथंही होईल. मामंजी कुंकवाचा करंडा घेऊन सायकलकडे गेले, सायकलकडून इंजिनाकडे गेले, आणि परत येऊन हात धुतले.

मी म्हणाले, "मामंजी, मशीन राहिलं."

त्यांनी मशीनकडे बघितलं. रागानं नव्हे, तसं ते गरीब माणूस. "ते कशाला गं? ते बायकांचं, घरातलं हाय. आयुध म्हंजे ज्याच्यावर घर चालतं ते."

ज्या इंजिनाला त्यांनी हार घातला होता त्याचा नवा पट्टा त्याच पावसाळ्यात माझ्या शिवणातून आला होता. नवी सून होते, काय बोलणार! आणि मशीनची पूजा झाली नाही, म्हणजे मशीनला बंदी नाही. दुपारपासून बायका आल्या. दसऱ्याला नवं पोलकं पाहिजे. पुरुषमाणसं देवळाच्या पारावर पाय पसरून गप्पा मारत होती. बैल गोठ्यात रवंथ करत होते. इंजिन बंद, औत बंद, कोयता बंद. अख्ख्या गावात त्या दिवशी एकच आयुध चालू होतं, आणि त्याला आयुध म्हणायला कुणी तयार नव्हतं.

असं तीन-चार वर्षं चाललं. मधे मला मुलगा झाला. मग पुन्हा दिवस राहिले.

अक्काला दिवस गेले होते तेव्हा तिला नदीवरून पाणी आणू दिलं नव्हतं, शेतात वाकू दिलं नव्हतं. आत्याबाई त्या बाबतीत चांगल्या होत्या, हे खोटं कशाला सांगू? पण माझ्या वेळी त्या म्हणायच्या, "तुला काय बाई, तुझं बसून काम." पायाचं मशीन चालवताना बाई बसलेली दिसते तेवढीच. दोन्ही पाय पायट्यावर सारखे चालू असतात, त्यांचा जोर कमरेत येतो, कंबर वाकलेली, मान खाली. तासाभरानं पोटऱ्या दगड होतात. तसं मी पाचव्या महिन्यापर्यंत, नवरात्राच्या गर्दीपर्यंत केलं. एका सकाळी उठले आणि साडी भिजलेली. दिरांनी बैलगाडीतून रस्त्यावर नेलं, तिथून एस.टी.नं सांगली. मूल गेलं.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, मशीनमुळंच झालं असं म्हणता येणार नाही, कधीकधी होतं असं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि आजही ठेवते. मला मशीनचा राग आलाच नाही. राग आला तो घरी परत आल्यावर. आत्याबाई भेटायला आलेल्या बायकांना कपाळावर हात मारून सांगत होत्या, "जड काम काय न्हाई, काय न्हाई. बसून तर हुती. बसल्या जागी कसं झालं कुणास ठावं!"

मी आतल्या खोलीत घोंगड्यावर पडून ते ऐकत होते. बायका येत होत्या, डोळ्याला पदर लावत होत्या, जात होत्या. त्यात वरच्या आळीची एक म्हातारी आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हळहळली, आणि उठता उठता पदराखालून एक हिरवा खण काढून माझ्या उशाशी ठेवला. म्हणाली, "आलेच हुते तवा घिऊन आले. घाई न्हाई गं. सावकास शिव. दिवाळीपातूर दिलंस तरी चालंल."

मी तो खण उचलला आणि तिच्या अंगावर फेकला.

ती बिचारी घाबरली. आत्याबाई धावत आल्या, खण उचलून तिच्या हातात दिला, दारापर्यंत सोडायला गेल्या. मला ऐकू येत होतं, "मनावर घिऊ नका, पोरीचं डोकं ठिकाणावर न्हाई सध्या." माझं डोकं त्या दिवशी जेवढं ठिकाणावर होतं तेवढं त्याआधी कधीच नव्हतं. मला लख्ख दिसलं, की ही माणसं दुष्ट नाहीत. दुष्ट असती तर भांडता आलं असतं. त्या म्हातारीला मी काम करते हे माहीतच नव्हतं. झाड आंबे देतं तशी मी पोलकी देते, असं तिला वाटत होतं. झाड आजारी असलं तरी त्याच्याखाली फडकं पसरून ठेवायला काय हरकत आहे!

थंडीत नवरा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. त्याला वाईट वाटलं होतं, तो रडलाही. पण चार दिवसांनी तो आपल्या दोन पँटी घेऊन आला, कमरेत घट्ट करायला. मी त्याला विचारलं, "आवं, तुमच्या सुट्टीवर सही कोण करतं?"

"साहेब करतो की. अर्ज टाकायचा, मंजूर झाली की निघायचं. हक्काची रजा हाय आमची."

"आन् माझ्या?"

तो हसला. "तुला कशाला लागती रजा? तू तर घरीच हायस."

मी त्या पँटी घडी घालून त्याच्या ट्रंकेत परत ठेवल्या. तो तशाच पट्ट्यानं आवळून परत गेला. नंतर त्यानं पलटणीतल्या दर्जीकडून करून घेतल्या असतील. त्या दर्जीला कुणी दूध बघायला उठवत नसणार.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा सुट्टीवर येऊन गेला आणि मला दिवस राहिले. हिशेब लागला तो असा, की नवरात्रात पुन्हा पाचवाच महिना येणार होता. मला झोपेना. हे मूल मला पाहिजे होतं आणि मशीनही पाहिजे होतं, दोन्ही पाहिजे होती, आणि त्या घरात एकाच वेळी ही दोन्ही मागणारी बाई वेडी ठरत होती. मामंजी म्हणाले, "मग बंद कर शिवणं. काय अडलंय?" अडलं होतं ना! माझं त्या घरात दुसरं काय होतं? ऊस त्यांचा, जमीन त्यांची, पगार नवऱ्याचा आणि तो मनीऑर्डरनं मामंजींच्या नावावर. माझा एक हात होता आणि एक चाक. ते मी पाण्यात सोडून देणार नव्हते.

म्हणून गणपतीच्या दिवसांतच मी येईल त्या बाईला सांगायला सुरुवात केली. दुपारचं जेवण झाल्यावर दिवेलागणीपर्यंत मी मशीनवर बसेन, बाकी वेळ नाही. मशीनवर असताना मी उठणार नाही. आणि घट बसले, की नवं कापड घेणार नाही. बायका हसल्या. "ही काय कचेरी हाय व्हय गं?" मी म्हणायची, "व्हय, कचेरीच हाय." आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणाल्या. पण कापडं वेळेत यायला लागली. मी रोज थोडं थोडं करून घटस्थापनेच्या आधी सगळी पोलकी देऊन टाकली आणि मशीनवर चादर घातली. मला हलकं वाटलं.

पाचव्या माळेला मी मुलाला घेऊन देवीला गेले होते. परत आले तर मशीनवर एक पातळ आणि त्याच्यावर जरीचा खण. मामंजी सोप्यातच बसले होते, खुशीत.

"सरपंचीणबाई आल्या हुत्या सोता. दसऱ्याला त्यांच्या पोरीला बघाय पाव्हणं येणार हायत. पोलकं आन् साडीला फॉल, एवढंच हाय. नवमीला न्यायला येते म्हणाल्या."

"मी घेत नाही, हे त्यांना म्हाईत हाय, मामंजी."

"त्यांनी इचारलं मला. मी म्हणलं, घरीच असती, शिवंल की."

मी म्हणाले, "तुमी शब्द दिलाय, तुमी शिवा."

ते ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर गेले. त्यांना वाटलं, पोरगी रागात बोलली, करेल शेवटी. आत्याबाईंनाही तेच वाटलं. सहावी माळ गेली, सातवी गेली. कापड आहे तिथंच. मी त्याला कात्री लावली नाही. अक्का येताजाता एकदा त्या कापडाकडे आणि एकदा माझ्या पोटाकडे बघायची, आणि चुलीकडे जायची.

खंडेनवमीच्या सकाळी मामंजी अंघोळीला गेले तेव्हा मी मशीन सोप्यातून देवघरापुढं न्यायला घेतलं. अक्कानं मला ढकलू दिलं नाही, तिनंच खांदा लावला. नांगराच्या फाळाशेजारी मशीन उभं केलं. पाटावर कात्री ठेवली, टेप, सुयांची डबी, बॉबिनं, मापाची पट्टी. एकही सुई बाहेर ठेवली नाही. हळदकुंकू माझ्या हातानं लावलं. चाकाला झेंडूचा हार घातला. नारळ वाढवला आणि हात जोडले.

मामंजी ओल्या पंच्यानिशी आले आणि उभेच राहिले. आत्याबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, हे काय केलंस?" त्यांना कळलं होतं मी काय केलंय ते. पूजा कुणी का केली असेना, हळदकुंकू लागलं होतं. आता ते पुसायचं कुणी? त्या घरात कुणाच्या बापाची हिंमत नव्हती.

मामंजी म्हणाले, "बरं, केलीस तर केलीस," आणि बाकीच्या हत्यारांची पूजा त्यांनी मशीनकडे न बघता उरकली.

दुपारी सरपंचीणबाई आल्या. सोप्यात मशीन नाही, कापडाची घडी तशीच. त्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण मनानं वाईट नव्हत्या, पोरीच्या काळजीत होत्या. "अगंबाई, अजून कापलंबी न्हाई? उद्या पाव्हणं येणार! आता मी काय करू? कराडच्या शिंप्याकडं गेले असते, तर त्यो आज कापडाला हात लावत न्हाई. आज पूजा असती न्हवं त्याच्या मशिनीची!"

त्या हे बोलल्या आणि पुढं बोलतच राहिल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांपुढं लाल झालं. कराडच्या शिंप्याची पूजा यांना पाठ होती. त्याच्या मशीनला लांबूनच नमस्कार घालून त्या माझ्यापुढं उभ्या होत्या. त्याचंही मशीन पायाचं, माझंही पायाचं. फरक एवढाच, की तो धोतर नेसून दुकानात बसत होता.

मी म्हणाले, "माझ्याबी मशिनीची पूजा झालीय."

मामंजी मधे पडले. त्यांची गावात पत होती आणि शब्द त्यांनी दिला होता. कान लाल झाले होते. "अगं, पाच मिनिटांचं काम हाय. देव काय रागवतोय व्हय? मी सांगतो, शिव तू. घरातल्या घरात तर हाय."

मी उभी राहिले. माझा आवाज वाढला नाही, हे मला पक्कं आठवतं. राग खरा असला की मला ओरडता येत नाही.

"शिवते की, मामंजी. तुमी नांगर जुपा. तुमचं औत निघालं, की मी मशीन चालवते."

दीर दारात उभे होते, ते आल्या पावली परत गेले. मामंजींनी देवघराकडे बघितलं. फाळ होता, त्याच्यावर हळद होती, आणि शेजारी मशीन होतं, त्याच्यावरही तीच हळद होती, त्याच करंड्यातली. मग त्यांनी स्वतः उठून कापडाची घडी उचलली आणि सरपंचीणबाईंच्या हातात दिली. "आज न्हाई जमायचं, वैनी," एवढंच बोलले, आणि पायताण घालून पाराकडे निघून गेले. सरपंचीणबाई मला नको ते बोलून गेल्या. पोरीनं दसऱ्याला जुनं पोलकं घातलं, पाव्हण्यांनी पसंती दिली, आणि पुढं तिच्या लग्नाची पोलकी त्यांनी माझ्याकडेच टाकली. तीन आठवडे आधी.

मुलगी झाली ती माघात. नीट झाली, रडत झाली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हा माझा वेळ पुढं सगळी वर्षं तसाच राहिला, गावातून साताऱ्याला बिऱ्हाड केलं तेव्हाही. पुढच्या खंडेनवमीला मामंजींनी न सांगता चाकाला कुंकू लावलं. लोक मला म्हणतात, बघा, जिंकलात की! काय जिंकले? मशीनला मान मिळाला, तेव्हा कुठं मला त्याच्या आडोशाला बसता आलं. लोखंडाला मानतात आणि ते चालवणाऱ्या बाईला मानत नाहीत, याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो मी कमी होऊ देणार नाही.

पण त्या दिवसाची गोष्ट एवढ्यावर संपली नाही.

सरपंचीणबाई गेल्यावर मी आत जाऊन आडवी झाले. आजारपण-बाळंतपण सोडलं, तर लग्न झाल्यापासून त्या घरात मी दिवसा अशी कधी झोपले नव्हते. जागी झाले तेव्हा उन्हं उतरली होती आणि अक्का उंबऱ्यावर बसली होती. हाताला पीठ. सकाळपासून तिनं पुरण शिजवलं होतं, वाटलं होतं, घरच्या आणि गड्यांच्या मिळून दोन पंगती वाढल्या होत्या, भांडी घासली होती, आणि आता संध्याकाळच्या भाकरीचं पीठ काढून ती क्षणभर टेकली होती.

"झोपलीस व्हय? बरं केलंस," ती म्हणाली. मग जरा थांबून, अगदी सहज, पाण्याचा घडा भरलाय का विचारावं तशी म्हणाली, "सगळ्यांची हत्यारं बसली आज. बैलबी बसलं. तुजं मशीनबी बसलं. माजं पोळपाट-लाटणं कवा बसवायचं गं?"

उतरलेला राग पुन्हा माझ्या डोक्यात गेला. मी उठले. चुलीपाशी जाऊन पोळपाट-लाटणं उचललं, परड्यात नेऊन धुतलं. अक्का मागनं येत होती, घाबरून. "अगं नगं, मी आपलं बोलले. रातच्या जेवणाचं काय? अगं, मला मारतील की!" मी पोळपाट मशीनच्या पायाशी ठेवला, त्याच्यावर लाटणं ठेवलं. भाकरी थापायची परातही ठेवली. अक्काचा हात धरून तिच्या बोटांनी हळदकुंकू लावून घेतलं.

दिवेलागणीला मामंजी आणि दीर आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. आत्याबाईंनी दुपारच्या उरलेल्या पोळ्या आणि गार आमटी वाढली. मामंजींनी चुलीकडे बघितलं, चूल थंड होती. मग देवघराकडे बघितलं. अक्का आणि मी आमची ताटं वाढून घेतली आणि त्यांच्याच समोरच्या भिंतीला टेकून बसलो. दिरांनी सवयीनं हाक मारली, "अगं, पाणी."

अक्कानं पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला, आणि बसून राहिली.